हिरवी खूण

'अपेक्षित पगार' या रकान्याशी येऊन तोरलचं पेन थांबलं. जयसुखभाईंच्या टेबलावरचं बॉलपेन उमटेना म्हणून तिने पर्समधून आपलं हिरवं पेन काढलं होतं, ऑडिटच्या दिवसांतलं. त्यावरून जयसुखभाईंनी आधीच एकदा हसून घेतलं होतं. कलेक्टर लागलात की काय, बेन?

राजकोटात पेढीला माणूस आणि माणसाला पेढी मिळवून देणं हा त्यांचा धंदा. पहिल्या पगारातला अर्धा त्यांचा, हे त्यांनी बसायला खुर्ची दाखवायच्याही आधी सांगून टाकलं होतं. जागा पंपांच्या कारखान्यात होती, हिशेबनिसाची.

तोरलने चाळीस हजार लिहिले. आकडा हवेतला नव्हता. गेल्या वर्षी सी.ए.च्या हाताखाली शिकत असताना तिने याच कारखान्याचं ऑडिट केलं होतं, आणि पगाराच्या रजिस्टरात हिशेबनीस ज्योत्स्नाबेनच्या नावापुढे बेचाळीस हजार पाहिले होते. तेव्हापासून तो आकडा तिच्या डोक्यात घर करून बसला होता. चाळीस मिळाले तर राजकोटात स्वतःची खोली आणि राहिलेल्या परीक्षेला आणखी एक वर्ष. नाही तर पप्पांनी स्पष्टच सांगितलं होतं, अमरेलीला परत ये, मुलगा बघून ठेवलाय.

आता घासाघीस होणार म्हणून ती सावरून बसली. जयसुखभाईंनी आकडा वाचला, बशीत ओतलेला चहा सुर्रकन ओढला आणि म्हणाले, "एवढेच? शेठ बेचाळीस लावतात."

तोरलला हसू आवरेना.

"कागदावर," जयसुखभाई म्हणाले. "एक तारखेला बँकेत बेचाळीस जमा. तीन तारखेला तुम्ही अठरा काढायचे, पाकिटात घालायचे आणि शेठच्या केबिनमधल्या देव्हाऱ्यात ठेवून यायचे. हातात द्यायचे नाहीत, शेठना ते आवडत नाही. चोवीस तुमचे."

चपलेचा नंबर सांगावा तसं त्यांनी हे सांगितलं. वर समजूतही घातली, की तिथे सगळ्याच स्टाफचं असं असतं, पाकिटावर नाव मात्र नीट घालायचं, नाही तर गोंधळ होतो.

"ज्योत्स्नाबेनही ठेवायच्या?" तोरलच्या तोंडून निघून गेलं.

जयसुखभाईंनी मान डोलावली. चार वर्षं ठेवलं म्हणे, मग बाईच्या अंगात आलं. कुठेतरी तक्रार करून आली. चौकशीला माणूस आला तर शेठनी शांतपणे रजिस्टर उघडून दिलं. बँकेचा आकडा तोच, बाईची सही तिचीच.

"आणि प्रत्येक महिन्यापुढे ऑडिटवाल्याची हिरवी खूण," जयसुखभाई कौतुकाने म्हणाले. "बारा महिने, बारा खुणा. शेठ म्हणाले, बाहेरचा माणूस तपासून गेलाय, आता बोला. काय बोलणार? बाई मुकाट्याने घरी गेली. तुम्ही काळजी करू नका, पक्कं काम आहे."

तोरलने समोरचा कप तोंडाला लावला तशी ओठाला चहाची साय चिकटली. ती पुसायचंही तिला सुचेना. किळस आली होती, आणि ती नुसती शेठची किंवा समोरच्या या माणसाची आहे असं म्हणून भागत नव्हतं.

तिच्या साहेबांनी तिला दोनच खुणा शिकवल्या होत्या. जुळलं तर बरोबरची खूण. काही विचारायचं राहिलं असेल तर आकड्याभोवती गोल. त्या कारखान्यात तिने एकही गोल काढला नव्हता. रजिस्टर घेऊन ज्योत्स्नाबेन स्वतः समोर बसल्या होत्या. पान उलटताना त्यांनी आपल्या नावावर बोट ठेवलं होतं आणि म्हणाल्या होत्या, काही विचारायचंय, बेन? एकदा नाही, दोनदा. शेठनी पाठवलेले फाफडे-जलेबी खाता खाता तोरलने सांगितलं होतं, नाही, सगळं जुळतंय.

जयसुखभाई आता फॉर्मकडे बघत होते. हिरव्या अक्षरांवरून त्यांची नजर तिच्या हातातल्या पेनावर आली.

"थांबा. त्या खुणा तुमच्या?"

तोरलने पेन पटकन टेबलावर ठेवून दिलं. त्यांना तेवढं पुरलं. खुर्चीत मागे रेलून ते मनापासून हसले.

"मग आधी नाही का सांगायचं? तुम्ही तर घरचंच माणूस. शेठशी बोलून सव्वीस करून घेतो. दोन हजार त्या खुणांचे."

त्यांनी फॉर्म तिच्याकडे सरकवला आणि सहीच्या जागेवर बोट ठेवलं. सव्वीसात कोणाबरोबर तरी खोली परवडेल, हे तोरलच्या मनात येऊन गेलं. सगळ्यात जास्त शिसारी तिला त्याचीच आली.

तिने पेन उचललं. सहीची जागा सोडून ते वर नेलं, चाळीस हजारांभोवती सावकाश एक गोल काढला, टोपण लावलं आणि उठली.

"हे काय?" जयसुखभाईंनी विचारलं.

"विचारायचं राहिलं होतं," तोरल म्हणाली. "ज्योत्स्नाबेन राहतात कुठे?"