थडग्यातल्या डुकरिणी

"आठ दिवसांत ही जनावरं इथून हलली पाहिजेत," पुरातत्त्व खात्याच्या ओर्नेल्लाबाई नाकाला रुमाल लावून म्हणाल्या. "रोमनांच्याही आधीच्या एट्रुस्कन लोकांचं थडगं आहे हे, काका. अडीच हजार वर्षांपूर्वीचं. पवित्र जागा आहे!"

एवारिस्तोने पवित्र जागेकडे पाहिलं. तिच्यात त्याच्या चार डुकरिणी पसरल्या होत्या. थोरली मार्केझा तर मृतासाठी कोरलेल्या दगडी पलंगावरच आडवी झाली होती. तिचे दिवस भरत आले होते, त्यामुळे पावित्र्याची फिकीर करायला तिला सवड नव्हती.

कड्यात कोरलेली ही खोली उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. एवारिस्तोच्या पणज्यापासून डुकरं इथेच वाढली. नवा गोठा बांधावा, तर या टापूत कुठेही कुदळ मारा, खालून कुणीतरी पूर्वज निघतो आणि सरकार काम बंद पाडतं. म्हणजे चौघींची रवानगी थेट खाटकाकडे.

"बाईसाहेब, ज्याचं थडगं त्याची काही तक्रार नाही," तो म्हणाला. "मग तुम्हालाच का एवढी पडलीय?"

बाई भिंतीकडे वळल्या. भिंतीवर कमरेच्या वरपर्यंत चार पिढ्यांच्या घाणीचा थर वाळून दगड झाला होता. त्यांनी छोटी सुरी काढून तो खरवडला. एक खपली पडली आणि आतून डोळा बाहेर आला. मग तांबडा गाल. मग दोन बासऱ्या एकदम वाजवणारा अख्खा माणूस, कालच रंगवल्यासारखा ताजा.

मेलो, एवारिस्तोला वाटलं. आता आठ दिवस कसले, संध्याकाळपर्यंतही मुदत मिळायची नाही. त्याने बासरीवाल्याला मनातल्या मनात एक सणसणीत शिवी हासडली. इतकी वर्षं गप्प बसलास, आणि आजच थोबाड दाखवायचं होतं?

"हे कुणाकुणाला माहीत आहे?" बाईंनी हळूच विचारलं.

"मलाच आत्ता कळलं. या चौघींना माहीत असेल, पण त्या कुठे बोलतात?"

बाई हसल्या नाहीत. पलीकडच्या टेकडीवरचं थडगं त्यांनीच गेल्या वर्षी साफ करून घेतलं होतं. लोखंडी दार, कुलूप, रस्त्यावर भलीमोठी पाटी, उद्घाटनाला मंत्री. महिन्याभरात चोरांनी भिंतीवर रंगवलेले नाचणारे करवतीने कापून नेले. पाटीला मात्र कुणी हात लावला नाही. त्या दिवशी बाई पाटीखाली बसून ढसाढसा रडल्या होत्या. एवारिस्तोने ते पाहिलं होतं आणि त्याला त्यांची फार दया आली होती.

बाईंनी रुमाल खिशात कोंबला आणि बाह्या वर सारल्या. खाली वाकून त्यांनी ओंजळभर ओली घाण उचलली आणि बासरीवाल्याच्या तोंडावर थापली. मग गालावर, डोळ्यावर, कुठे फट राहू नये अशी हाताने सारवली. मार्केझाने मान उचलून पाहिलं आणि पुन्हा डोळे मिटले.

"काका," हात झटकत बाई म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या भिंतीला चारच डुकरिणी कशा पुरणार? अजून दोन आणा."