हातावरचा कापूस

सरूबाईच्या पोरीला, हिरीला, रक्ताचा कॅन्सर झाला, तेव्हा तिला रक्त द्यायला टाकवे गावातला एक गडी पुढं आला नाही. पोर गेली. तेव्हापासून सरूबाई दरसाल पुण्याचे डॉक्टर आणून शाळेत रक्तदान ठेवायची. पण बारकूआबा पारावर बसून सांगायचे, "बाटलीभर रक्त गेलं की गडी कामातनं गेला." तरणी पोरं त्या दिवशी नेमकी रानात असायची.

त्र्याहत्तर साली ती पोरांच्या नादाला लागलीच नाही. लग्नाच्या पोरी असलेल्या घरी जाऊन चहा पिता पिता म्हणाली, "डाक्टर तपासून मगच रक्त घेत्यात बाई. ज्याच्या हाताला कापूस, तो पोरगा खणखणीत."

त्या वर्षी शाळेच्या पडवीत रांग लागली. समोर लिंबाखाली पोरींच्या आया बसून बघत होत्या. रांगेच्या शेवटी मिशा काळ्या करून बारकूआबा उभे. बायको वारल्याला त्यांना वर्ष होत आलं होतं.

"आबा, तुमच्या वयाला रक्त घेत न्हाईत," सरूबाई म्हणाली.

आबांनी लिंबाकडं बघितलं, बाही वर सारली आणि आवाज खाली आणला.

"रक्त नगं घेऊ, सरू. कापूस तेवढा चिकटव."