जपात लागलेलं मन

हुपरीच्या सुलाकाकूंचा नेमच होता, सकाळची माळ झाल्याशिवाय चहासुद्धा घ्यायचा नाही. पण मणी सरकू लागले की मन हमखास घरच्या चांदीच्या कारखान्यात पळायचं, आणि पैंजणाची एखादी नवीकोरी नक्षी सुचायची. त्या नक्ष्यांवरच घर चालायचं. काकूंना मात्र देवीपुढं अपराधी वाटायचं.

शेवटी त्यांनी विनवलं, "अंबाबाई, जपात मन लागू दे की गं माझं."

देवीनं ऐकलं. मन असं लागलं, की महिना झाला तरी एक नक्षी सुचेना. कारागीर रिकामे बसले, गिऱ्हाईक शेजारच्या दारात गेलं.

काल लेक उदयसिंह त्यांना कोल्हापूरला देवळात घेऊन गेला. काकूंनी हात जोडून डोळे मिटले, तर शेजारून त्याचा खणखणीत आवाज आला,



"आई अंबाबाई, आमच्या म्हातारीचं ध्यान तेवढं उडव की! नव्या नक्षीचे पैंजण घालतो तुला."