निळी हाडं

शवदाहिनीतून ट्रे बाहेर आला तेव्हा राख अजून धगधगत होती. मारुतरावांची हाडं बघायला लोक पुढे सरकले. साठी झाली की सगळ्यांच्याच पायांत धातूची हाडं बसत. मुलांनी महागडं टायटॅनियम बसवलं असेल तर ते आगीतून निळंजांभळं होऊन निघतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मारुतरावांची हाडं काळी निघाली.

"काजळी धरलीय," त्यांचा मुलगा जयसिंग म्हणाला. "पुसली की दिसेल."

रीतीप्रमाणे त्यानं राखेवर गार दूध शिंपडलं. तडकन आवाज झाला आणि मांडीचं हाड मधोमध फुटलं.

"हे बीड आहे, स्वस्तातलं ओतीव लोखंड," मारुतरावांची बहीण म्हणाली. "टायटॅनियम असं तडकत नाही. दादा जिन्यात पडला तेव्हाही असाच आवाज आला होता रे."

"बिडाला काय झालं, आत्या? त्याच्यावर ट्रक उभा करा, दबणार नाही. फक्त पडायचं नसतं. जपून चाला म्हणून मी बाबांना रोज सांगत होतो."

मारुतरावही त्याला रोज सांगायचे, पाय फार जड झालेत. वयामुळे वाटतं तसं, असं जयसिंग म्हणायचा.

त्याची आई सुमित्राबाई फुटलेल्या हाडाकडे बघत होती. दिवाळीत जयसिंगनंच तिच्या पायांत धातूची हाडं बसवून घेतली होती, आणि तेव्हापासून तिलाही पाऊल जड वाटायचं.

निघताना स्मशानाच्या पायऱ्यांवर त्यानं तिचा हात धरला.

"जपून, आई," तो म्हणाला.