परातीवरचं नाव

“तुझ्या नावासोबत कोणाचं नाव टाकू? माझंच टाकतो, शोधायची मेहनत वाचते,” परात मांडीवर घेत संघपाल म्हणाला. मनोहररावांच्या भांड्यांच्या दुकानात नेहमीसारखा हशा पिकला. पुढ्यात अस्मिता आणि तिची आई कांताबाई बसल्या होत्या. एकटी अस्मिता तेवढी हसली नाही.

“सुबोध टाक,” ती म्हणाली.

संघपाल भांड्यांवर नावं टाकायचा आणि अस्मिता समोरच्या मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाउजपीस विकायची. इतवारीच्या बाजारातली गल्ली ती, दोन दुकानांच्या मध्ये जेमतेम एक हातगाडी जाईल एवढीच. शटर वर गेलं की याचं सुरू. आपली दोघांची नावं पाण्याच्या कोणत्या गुंडावर टाकू, स्टीलच्या की पितळेच्या? ती म्हणायची, आधी स्वतःच्या डोक्याला कल्हई करून घे. गाडीवाले गाडी थांबवून ऐकायचे, फुकटचा तमाशा कोणाला नको असतो? पोट्टं तिच्यावर जीव टाकते, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. पण या शहाण्यानं तिला एकदाही धड विचारलं नाही. भ्यायचा लेकाचा. मजाकीत विचारलं की ‘नाही’सुद्धा मजाकीतच जातं, एवढाच त्याचा हिशेब होता.

“हा सुबोध कोण आता?” त्यानं हसतच विचारलं.

कांताबाईंनी सांगितलं. मुलगा वर्ध्याचा, बँकेत आहे. पसंती झाली, मंगल परिणयाची तारीखही ठरली. इतकी वर्षं समोरासमोर दुकानं, भांडी दुसरीकडून घेतली असती तर मनोहररावांना वाईट वाटलं असतं, म्हणून इथंच आलो. घरच्या वापराची परात असेल असं समजून बसला होता बिचारा संघपाल. ऐकलं आणि त्याच्या पायाखालची जमीनच सरकली. पण तोंडाला लागलेली सवय कुठं जाते?

“बँकवाल्याले नाव कशाले पाहिजे, अकाउंट नंबर टाकतो ना!”

दाराशी उभे असलेले दोन गाडीवाले खो खो हसले. संघपालला आपलाच आवाज ऐकू आला आणि स्वतःची किळस आली. नाव टाकायची मशीन हातात नुसतीच खरखरत होती. मनोहरराव काहीतरी बोलले, ते त्याला कळलं नाही. त्यानं मशीन बंद केली.

“अस्मिता, मी मजाक नव्हतो करत,” तो म्हणाला. “एकदाबी नाही. मले तूच पाहिजे होती. आताबी तूच पाहिजे.”

याचं पुढचं काहीतरी येणार म्हणून लोक तोंडं हसरी करून वाट पाहत राहिले. पुढचं काही आलंच नाही. तो अस्मिताकडंच पाहत राहिला. मग एकेकाच्या लक्षात आलं आणि कुठं पाहावं ते कोणाला सुचेना.

संघपालपेक्षा मोठा धक्का बसला होता तो कांताबाईंना.

“काय बोलून राहिला बापू तू?” त्यांनी विचारलं. “मी तुले उन्हाळ्यात इथंच येऊन विचारलं नव्हतं का? माझ्या पोरीशी लगन करतं का म्हून?”

संघपालला काही आठवेना. कधी विचारलं? कोणापुढं? त्यानं मनोहररावांकडे पाहिलं. मनोहररावांनी मान खाली घातली. त्यांना आठवत होतं. दाराशी उभे असलेल्या दोघांनाही आठवत होतं.

“तू म्हणाला, काकू, आताच शटर उघडलं, आधी बोहनी तं होऊ द्या,” कांताबाई म्हणाल्या.

हे आपलंच बोलणं, यात शंका नव्हती. त्याच्याच तोंडचं, त्याच्याच थाटाचं.

अस्मितानं परात त्याच्या मांडीवर नीट सरकवून दिली.

“मी तवा तुझ्या मागंच उभी होती,” ती म्हणाली. “सगळे हसले, म्हून मीबी हसली.”