वेणीतलं पीठ

“रुमाल काढ, आपा. पाहुणे निघालेत तिकडून,” बेगायिम म्हणाली. आईला ती आपा म्हणायची.

बेगायिमच्या आईने, बुरुलने, डोक्यावरचा रुमाल काढला आणि खिडकीकडे पाठ करून ती बसली. काळ्यात पांढरं मिसळलेल्या दोन जाड वेण्या, आणि मुळाशी तेलकट चकाकी. बेगायिमने श्वास रोखूनच भांग पाडला. आज तिच्या कानांत सासरचे डूल घालायचा, लग्न पक्कं करायचा दिवस. डूल घालण्याआधी होणारी सासू तिच्या आईचा जुना रुमाल उतरवणार आणि आपल्या हाताने नवा बांधणार, तोही चार बायकांच्या देखत. आणि डोकं हे असं! पहिल्याच भेटीत त्या बाईवर नाक दाबायची पाळी यायची.

वाटीत बटाट्याचं सत्त्व होतं, वाळवून कुटलेला रानपुदिना, चिमूटभर खायचा सोडा आणि पांढरेपणा मोडायला थोडा कोको. फोनवर बघून बेगायिमने हे बिनपाण्याचं न्हाणं शिकून घेतलं होतं. पहिल्या खेपेला तिने गव्हाचं पीठ वापरलं. चुलीच्या उबेत आईला घाम आला आणि केसांतच कणीक मळली गेली. आता हात बसला होता. वडिलांच्या दाढीच्या जुन्या ब्रशने ती भांगाभांगातून पूड पसरायची, जरा मुरू द्यायची, बोटांनी चोळायची आणि फणीने झाडून काढायची. चिकटपणा जायचा. वास मात्र दोन दिवसांत पुन्हा हजर.

शेजारच्या सोनून काकू बोर्सोकची, तळलेल्या कणकेच्या तुकड्यांची, परात घेऊन आत आल्या. “पीठ लावून झालं वाटतं! कढईत तेल आहे हो अजून, बुरुल. तुलाही तळून काढू का?”

“तळ. कुणाच्या तरी पोटात जाईन,” बुरुल म्हणाली.

काकू खिदळत बाहेर गेल्या. बेगायिमला काही हसू आलं नाही. आई म्हणजे दर आठवड्याला दही लावून केस धुणारी बाई. गावातल्या बायका तिच्या वेण्यांवर जळायच्या. पण अंगणात बर्फ होतं तेव्हापासून तिने डोक्यावरून पाणी घेतलं नव्हतं. कधी म्हणे डोकं दुखतंय, कधी पाणी गार, कधी वारा सुटलाय. स्वभावाला औषध नाही म्हणतात ते खोटं नव्हे.

त्या स्वभावाची झळ घराला लागून चुकली होती. धाकटा भाऊ एर्निस ऐन हिवाळ्यात कामासाठी रशियाला जायला निघाला, तेव्हा बुरुल त्याच्याशी कडाडून भांडली. घोड्यांकडे कोण बघणार, मी कुणाच्या तोंडाकडे बघायचं? त्यानेही तोंड सोडलं. “या घरात पुन्हा त्याचं नाव निघता कामा नये,” असं तिने लेकीला बजावलं, आणि त्याची गाडी वळणाआड गेली तरी ती दारात आली नाही.

बेगायिमने ते तंतोतंत पाळलं. फोन वाजला की आई मान वर करून बघायची. ती डोळे वटारतेय असं वाटून बेगायिम फोन घेऊन तबेल्यामागे जायची आणि भावाशी हळू आवाजात बोलायची. परत आल्यावर आई काही विचारत नसे आणि हीही मूग गिळून बसे. घरात पुन्हा भांडण होऊ दिलं नाही, याचं तिला मनातून कौतुकच वाटे.

फणी गुंत्यात अडकली. बेगायिमने ती जोराने ओढली.

“काल पाणी तापवून दिलं होतं ना मी? बादली तशीच ओतून टाकलीस. माझ्या एका दिवसासाठीसुद्धा तुला डोकं धुववत नाही? खाण तशी माती म्हणतील ते मला!”

बुरुलने मागे हात करून तिच्या हातातली फणी काढून घेतली. मग खालच्या मानेनेच तिने विचारलं, “पोचला का गं?”

“कोण? पाहुणे? येतीलच आता.”

“पाहुणे नव्हेत. त्याचं नाव काढू नका, असं मीच म्हणाले. आता कुठल्या तोंडाने विचारू? पण आमच्या माहेरी वाटेवरचा माणूस पोचल्याची खबर येईपर्यंत आई डोक्यावरून पाणी घेत नाही. त्याची वाट वाहून जाते गं. म्हणून तुझी पूड लावून घेत होते.”

बेगायिम वळसा घालून आईसमोर बसली.

“आपा, तो तर त्याच आठवड्यात पोचला. स्टेशनातून पहिला फोन मलाच केला त्याने. बरा आहे तो. काम मिळालंय. नेहमी विचारतो, आई बोलेल का म्हणून. आणि मी... मी त्याला सांगत आले, ती अजून रागात आहे.”

फोन वाजला की वर होणारी ती मान तिला आठवली. ते डोळे वटारलेले नव्हतेच. एका शब्दाचं काम होतं, आणि तो शब्द ती रोज तबेल्यामागे ठेवून येत होती. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की आईकडे बघवेना.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. “आले गं, आले!” सोनून काकू अंगणातून ओरडल्या. “बांध लवकर रुमाल तिला!”

बेगायिमने रुमाल उचलला. बुरुलने तो बाजूला सारला आणि वेणीची गाठ सोडायला घेतली.

“विहीणबाईंना चहा दे,” ती म्हणाली. “मला आधी न्हायचंय.”