पंचफुलाची केस

शुभांगीचं लग्न झालं त्या वर्षी तिची आई पंचफुला ग्रामपंचायतीला उभी राहिली. फॉर्मात एक रकाना होता: उमेदवारावर दाखल असलेले गुन्हे.

"'निरंक' लिही अन् देऊन टाक," मुलगा गोपाल म्हणाला.

"काहून? माह्यावर एक हाये," पंचफुला म्हणाली आणि तिने त्याला मोटरसायकल ठाण्याकडे वळवायला लावली.

हवालदाराने कॉम्प्युटरवर नाव घालून पाहिलं. "काहीच नाही मावशी. साफ हाये."

"जुनं पाहा साहेब. शुभांगी सव्वा महिन्याची होती. पोळा होता त्या हप्त्यात. केनवडच्या बाजारात रस्त्यावर भाजी इकल्याची केस."

बाजारात रस्ता अडला की पोलीस एकीला नेत. कोणी जायचं ते बायकांनी आपसात ठरवलेलं होतं. जिचा नंबर, ती जाई. बाकीच्या तिची टोपली विकून देत. त्या दिवशी नंबर पंचफुलाचा होता. शेजारी वांगी घेऊन बसणारी तांड्यावरची धनीबाई म्हणाली होती, "तू लेकराले पाज. मी जाईन. नाव तुह्यंच सांगीन."

हवालदाराने कपाटातून रजिस्टर काढलं, धूळ झटकली. "पोळ्याच्या हप्त्यात एकच बाई हाये. धनीबाई खेमा राठोड. त्याच्या आधीची एक केसबी तिचीच." त्याचं बोट समासातल्या शेऱ्यावर थांबलं. "अन् हे पाहा. शाळेत खिचडी शिजवाच्या जागेसाठी हिची चौकशी आलती. दोन केसेस, म्हणून नापास."

पंचफुला बाकावर बसली. ती जागा मग तिलाच मिळाली होती. बारा वर्षं तिने तिथं खिचडी शिजवली. धनीबाई तेव्हा एवढंच म्हणाली होती, "बरं झालं वं. त्या धुरात कोन बसन?"

पंचफुला उठली. "साहेब, त्यातली दुसरी केस माह्यी हाये. माह्या नावावर घ्या."

हवालदार हसला. "लोकं इथं नाव काढाले येतात मावशी. तुमी चढवाले आल्या?"

"व्हय."

"असं नाही होत. त्या बाईले घेऊन या. तिचा जबाब लागन."

पंचफुलाने टेबलावर फॉर्म पसरला आणि गोपालच्या खिशातला पेन काढून घेतला.

"माय, फॉर्म बाद होईन. गावात लोकं हासतीन."

"हासू दे. सरक तिकडं, उजेड येऊ दे."

रकान्यात तिने एकेक अक्षर दाबून लिहिलं: 'एक. नाव धनीबाईचं लागलं आहे. केस माझी आहे.' मग खाली सही केली.

धनीबाई मागच्या वर्षी पौषात, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी वारली.